पत्ता बघून मार्क!

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या पोराला तिथल्या यूबीसी विद्यापीठाच्या मेडिकलला अर्ज करायला 75 टक्के सरासरी पुरते. ओंटारियो प्रांताच्या पोराला? 85! रॉकी पर्वत ओलांडताना अक्कल दहा टक्क्यांनी झिजते की काय?

आणि तो एमकॅट, मेडिकलची प्रवेश परीक्षा! अख्खा दिवस घालवून चार विभाग सोडवा, मॅकमास्टर विद्यापीठ बघणार फक्त वाचन-आकलनाचा. ओटावा विद्यापीठ तर एमकॅट बघतच नाही! मग बायोकेमिस्ट्रीपायी जागवलेल्या रात्री कुणाच्या बोडक्यावर घालायच्या?

ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनमधल्या आया भिशीत जीपीएची, म्हणजे गुणांच्या सरासरीची, गणितं मांडतात. इथं चालतो, तिथं नाही. जागा आपल्याच प्रांताला ठेवायच्यात ना? ठेवा की! मग ‘बाहेरच्यांनी येऊ नये’ अशी पाटीच लावा. पण छे, बाहेरच्यांची अर्जाची फी बरी गोड लागते!