टोमॅटोचा झारा

अमेरिकेत येऊन लोक गोल्फ शिकतात, मी शनिवारी सकाळी सातला न्यू जर्सीतल्या अनोळखी माणसांच्या दारात एस्टेट सेलच्या, म्हणजे घरातलं सगळं जुनं सामान विकायला काढतात त्या विक्रीच्या, लायनीत जुने चांदीचे चमचे-काटे शोधायला उभा असतो, खिशात भिंग, टॉर्च आणि लोहचुंबक. बायको म्हणते चोरसुद्धा इतकी तयारी करत नसतील. बरं, घरी आम्ही जेवतो हाताने.

पहिला पराक्रम असा, की एका चमच्याच्या पाठीवर "१८४७ रॉजर्स ब्रदर्स" दिसलं आणि माझी छाती धडधडायला लागली, म्हणजे आपल्याकडे सत्तावन्नचं बंडसुद्धा व्हायचं होतं तेव्हा! सहाच्या सहा उचलले, घासाघीस न करता. घरी येऊन कळलं की ते चमच्याचं वय नव्हे, ब्रँडचंच नाव, रॉजर्स बंधूंनी मुलाम्याचं काम सुरू केलं ते साल. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणून मी खूश होतो, पण आत होतं निकल सिल्व्हर, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी औषधालाही नसते आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही.

तेव्हापासून मी कुठलाही चमचा आधी पालथा करतो. लोकांच्या घरी जेवायला गेलो तरी. ("तो असाच आहे," हे बायको हल्ली यजमानांना आधीच सांगून ठेवते.) स्टर्लिंग असं कोरलेलं असलं की हजारात ९२५ भाग चांदी, आणि सिंह, जहाजाचा नांगर आणि इंग्रजी जी असे तीन शिक्के ओळीने दिसले की ऱ्होड आयलंडमधली गोरहॅम कंपनी. इथपर्यंत सोपं आहे.

छळ पुढे आहे. वस्तू कशाची ते कळलं, पण ती आहे कशासाठी? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इथल्या श्रीमंतांना सार्डिनला वेगळा काटा, ऑलिव्हला वेगळा चमचा, ॲस्परॅगसला चिमटा लागायचा, आइस्क्रीमसुद्धा काट्याने खायचे. पसारा एवढा वाढला की १९२५ मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवरने, तेव्हा तो वाणिज्यमंत्री होता, कारखानदारांना सांगितलं की नव्या पॅटर्नमध्ये, म्हणजे एकाच नक्षीच्या संचात, ५५ पेक्षा जास्त प्रकार काढू नका. पंचावन्न! आणि ही म्हणे काटकसर.

तर गेल्या महिन्यात मला एक गोल, चपटी, जाळीदार वस्तू मिळाली, दांडा शँटिली पॅटर्नचा, म्हणजे १८९५ चं डिझाईन. तीन रात्री जुने कॅटलॉग धुंडाळले. काकडी वाढायची का टोमॅटो? दोन्हींचा आकार सारखाच, फक्त काकडीची लहान असते, त्यामुळे मी रात्री एक वाजता पट्टी घेऊन बसलेलो. शेवटी ठरलं, टोमॅटो सर्व्हर. एवढ्या आनंदात झोपलो की ती ओट्यावरच राहिली.

सकाळी उठलो तो तळणाचा वास. आई सहा महिन्यांसाठी आलीय.

"अगं आई, हे काय करतेस?"

"पुऱ्या. बरा मिळाला हो तुझा हा झारा, मी म्हणत होते या घरात झारा कसा नाही."

"अगं ते टोमॅटो वाढायचंय, स्टर्लिंग आहे!"

"टोमॅटो वाढायला झारा कशाला लागतो? आणि कसला मेला झारा, दांडा बघ केवढा तापला, धरवत नाही हातात."

चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा धातू दुसरा नाही, हे मी तिला समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं, दांड्याला फडकं गुंडाळलं, आणि पुढची पुरी सोडली.