मोजणीचे मागाहून पाहू

कोल्हापुरात जुने घर घ्यायला निघालेल्या वाचकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे : खरेदीखतावर सही होईपर्यंत जागेच्या सरकारी मोजणीचा विषय काढू नये. ‘आधी मोजणी, मग खरेदीखत, त्यानंतर फेरफार (सरकारी दप्तरात मालकाचे नाव बदलणे)’ अशी भाषा अलीकडे कानावर येऊ लागली आहे. तिच्या नादी लागल्यास आपला पिढीजात घोळ मोडीत निघेल.

सध्याची व्यवस्था किती विचारपूर्वक बेतलेली आहे, ते पाहा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा तो धारकाने, म्हणजे हद्द समजून ज्याचा काडीचाही फायदा नाही अशा विकणाऱ्याने. ज्याची जन्माची पुंजी पणाला लागली आहे त्या तुमचे नाव मात्र मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, नसल्यामुळे तुम्ही पैसे मोजून होईपर्यंत थांबायचे. त्यात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 सांगते की, मिळकतीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. यातले ‘ठाऊक आहे’ एवढे शब्द विकणाऱ्याने चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी टांगावेत. ज्याने कधी टेपच लावली नाही, त्याला आपली भिंत शेजाऱ्याच्या जागेत दोन फूट शिरल्याचे ठाऊक असेलच कसे?

चतुःसीमेवर श्रद्धा ठेवावी. ‘पूर्वेस बोळ, पश्चिमेस अमक्यांची मिळकत’ हा मजकूर जुन्या खतावरून नव्या खतात जसाच्या तसा उतरतो. अमके वारून दोन पिढ्या झाल्या आणि बोळात कुणाचे तरी न्हाणीघर उभे राहिले, तरी मजकुराला धक्का लागत नाही. मिळकतीच्या मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा वकिलांचा सर्च रिपोर्ट कागदांपुरता असतो, हे उत्तमच. घर शाहूपुरीच्या सखल भागात असल्यास 2019 च्या महापुराचे पाणी कुठवर चढले होते, असेही विचारू नये. विकणाऱ्याने एवढ्यासाठीच तर भिंतींना नवा रंग दिला आहे.

स्कॉटलंडमध्ये 1 डिसेंबर 2008 पासून घर विकायला काढणाऱ्यानेच तपासणीचा अहवाल तयार ठेवायचा असतो. इंग्लंडने 2007 मध्ये विकणाऱ्याच्या गळ्यात कागदपत्रांचे असेच एक गाठोडे बांधले आणि 2010 मध्ये ते सोडूनही दिले. अनुकरण कोणाचे करावे, हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा निश्चिंत मनाने खरेदी करावी, वास्तुशांत उरकावी आणि मगच हद्द कायम करण्याचा अर्ज द्यावा. भूकरमापकांची खूण स्वयंपाकघराच्या मधोमध पडली, तर शेजाऱ्यांना चहाला बोलवावे. ओटा त्यांच्याच हद्दीत असल्यामुळे चहा तुम्ही करावा की त्यांनी, एवढे आधी ठरवून घ्यावे.