नौपाड्यातला दादा आणि नव्वद गुणांचा देश

आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभाऊ, आमचा दादा, पेटलाय. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या बर्लिनच्या संस्थेच्या २०२४ च्या भ्रष्टाचाराच्या यादीत (गुण जास्त, तितका कारभार स्वच्छ) भारत १८० देशांत ९६ वा, शंभरपैकी ३८ गुण. मी ज्या देशात राहतो तो डेन्मार्क ९० गुणांसह पहिला. "बर्लिनमध्ये बसून आमचं मोजमाप! मला नौपाड्यात कुणी विचारलं?"

चिडलो, कारण अर्धं तो बरोबर बोलतोय. त्या यादीत तुमच्याआमच्यासारख्याला विचारत नाहीत. तज्ज्ञांना आणि धंदेवाल्यांना सरकारी कारभार कितपत स्वच्छ वाटतो, त्याची ती सरासरी. पण दादा, सामान्य माणसाला विचारणारी पाहणीही त्याच संस्थेची आहे! २०२० च्या आशियाई बॅरोमीटरमध्ये सरकारी कामासाठी वर्षभरात लाच दिली असं सांगणारे भारतात ३९ टक्के निघाले, पाहणीतल्या सगळ्या देशांत जास्त. ओळख काढून काम करवून घेणारे ४६ टक्के. याला कोण परकं म्हणणार?

इथे डेन्मार्कमध्ये मिट-आयडी, म्हणजे आपली डिजिटल ओळख, टाकायची, उत्तर ई-बॉक्समध्ये, म्हणजे ऑनलाइन टपालपेटीत. अकरा वर्षांत कुणाला चहासुद्धा पाजावा लागला नाही. (भाड्याचं घर सहकाऱ्याच्या मेव्हण्यामुळे मिळालं. ती ओळख नव्हे, नेटवर्क.) दादाने लगेच डान्स्के बँकेचं काढलं. एस्टोनियातल्या शाखेतून जवळपास २०० अब्ज युरो संशयास्पद पैसा फिरला, तरी तुमचे गुण शाबूत कसे? मी लिहिलं, ती यादी सरकारी भ्रष्टाचाराची आहे, खासगी बँकेची नाही. खरं आहे, पण लिहिताना वकिली केल्यासारखं वाटलं.

दादाने एक गोष्ट मात्र ग्रुपवर काढली नाही. बाबा गेल्यावर फ्लॅट आईच्या नावावर करायला मी तीन आठवड्यांची रजा घेऊन ठाण्याला आलो होतो. दादा म्हणाला, "रीतसर अर्ज कर, पोच घे, नाही झालं तर माहितीचा अधिकार आहे. दोनेक महिने लागतील, मी मागे लागतो." माझं परतीचं तिकीट २२ तारखेचं. चरईतल्या एजंटने "वरचं वेगळं" म्हटल्यावर मी किती एवढंच विचारलं. तलावपाळीला उसाचा रस पिताना पाकीट दिलं. दादा शेजारी उभा होता, तलावाकडे बघत.

उद्या पाहणीवाल्यांनी दादाला विचारलं तर तो नाही म्हणेल आणि ते खरं असेल. मला कोपनहेगनमध्ये विचारलं तर मीही नाहीच म्हणेन, इथे कुठे दिलीय? फ्लॅट आईच्या नावावर झाला, १९ तारखेलाच.