प्रेसिडेंटला शिव्या घाला, पण काँग्रेसला सोडू नका

अमेरिकेनं कुठं बॉम्ब टाकले की आपल्याकडं हमखास एक कमेंट येते, त्यांचा प्रेसिडेंट कमांडर इन चीफ असतो, त्याला कोण विचारणार. अहो, तिन्ही दलांच्या सरसेनापती तर आपल्या प्रतिभाताई पाटील पण होत्या, २००९ मध्ये लोहगावहून सुखोईतून उडाल्या सुद्धा, पण कॅबिनेटच्या सल्ल्याशिवाय युद्धाचा आदेश देणं त्यांच्या हातात नव्हतंच. तिकडं प्रेसिडेंट खरोखर सैन्य हलवू शकतो, पण युद्ध जाहीर करायचा अधिकार घटनेनं काँग्रेसलाच, म्हणजे त्यांच्या संसदेलाच दिलाय. तो त्यांनी शेवटचा वापरला जून १९४२ मध्ये! कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं त्यानंतरचं.

१९७३ मध्ये काँग्रेसनं प्रेसिडेंट निक्सनचा व्हेटो झुगारून कायदा केला, सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवायचं आणि काँग्रेसनं मंजुरी दिली नाही तर ६० दिवसांत थांबायचं (माघारीला फार तर अजून ३० दिवस). दिसायला एकदम कडक. पण प्रेसिडेंट लोकांनी त्याचा अर्थ काढला की चला, पहिले ६० दिवस आपलेच.

२०११ चे लिबियावरचे हल्ले बघा. मुदत संपली तरी ओबामांचं सरकार म्हणालं की आमचे सैनिक जमिनीवर नाहीत, समोरून गोळीबार होत नाही, मग कायद्यातली लढाई ही नव्हेच. वकिली डोकं! पण मला जास्त राग येतो तो हाऊसचा, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचा. २४ जूनला त्यांनी लिबियाच्या कारवाईला मंजुरी नाकारली, १२३ विरुद्ध २९५, आणि त्याच दिवशी त्या कारवाईचा पैसा तोडायचा प्रस्ताव पण पाडला, १८० विरुद्ध २३८. म्हणजे परवानगी नाही पण चालू द्या, हे काय लॉजिक आहे?

भानगड अशी आहे की मत दिलं की ते अंगावर येतं. २००२ ला इराक युद्धासाठी हो म्हटलेलं हिलरी क्लिंटनबाईंना २००८ च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीत) चांगलंच भोवलं, मग बाकीच्यांनी काय धडा घ्यायचा तो घेतलाच, मत द्यायची वेळच येऊ द्यायची नाही, जिंकलं तर टाळ्या वाजवायच्या आणि फसलं तर आम्हाला विचारलंच नव्हतं म्हणायला मोकळे.

आणि हातात काही नाही म्हणून गप्प बसतात असं कुणी सांगू नका, ऑगस्ट १९७३ मध्ये कंबोडियावरचे बॉम्बहल्ले याच काँग्रेसनं पैसा तोडून बंद पाडले होते, तेही निक्सन खुर्चीत असताना.