सिग्नल सुटला, गाडी सुटेना

कागदावर ३८७ अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्यावरून शंभरला ४.४ सेकंद. आणि पुण्यात नळस्टॉपला सिग्नल हिरवा झाला की डावीकडची रिक्षा गेलेली असते, उजवीकडची ॲक्टिव्हा गेलेली असते, मागच्याचा हॉर्न सुरू झालेला असतो आणि आपली पाऊण कोटीची बीएमडब्ल्यू एम३४०आय अजून विचार करत उभी असते. रिक्षावाला जाता जाता मान वळवून बघतो. त्या नजरेत तुच्छता नसते, सहानुभूती असते. ती जास्त लागते.

‘गाडीला पिकअप नाही’ हे वाक्य मराठी माणूस कुठल्याही गाडीबद्दल बोलतो, पण या गाडीबद्दल बोलायला मोठं धाडस लागतं. तरी मी बोलतो, कारण पिकअप आहे, फक्त पहिल्या सेकंदात नाही. आणि सिग्नलवरची इज्जत पहिल्या सेकंदातच जाते.

त्या सेकंदात काय होतं? फाइल फिरते. सिग्नलवर इंजिन स्टार्ट-स्टॉपने बंद केलेलं असतं. ते आधी चालू व्हायला हवं. ऑटो होल्डने ब्रेक धरून ठेवलेला असतो. पुरेसा जोर आल्याची खात्री पटल्याशिवाय तो सोडत नाही. ॲक्सिलेटरला तार राहिलेली नाही, पायाखाली फक्त एक सेन्सर आहे. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, अर्ज करतो, ईसीयू आपल्या सोयीने थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडतो. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल फिरू लागतं. आणि सगळ्यात शेवटी, चहा पिऊन आल्यासारखा, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो जागेवर येऊन बसतो.

टर्बोची अडचण आपल्याकडच्या जुन्या म्हणीत आहे: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर. धूर भरपूर यायचा तर आत हवा-पेट्रोल भरपूर जळायला हवं, आणि भरपूर हवा आत ढकलायची तर टर्बो फिरायला हवा. या इंजिनाचे ५०० न्यूटन-मीटर मिनिटाला १,८५० फेऱ्यांपासून पुढे मिळतात. उभ्या गाडीचं इंजिन सातशेच्या आसपास फिरत असतं. सातशे ते साडेअठराशे हा जो प्रदेश आहे, तिथे रिक्षाचं राज्य चालतं. रिक्षावाल्याने पहिला गिअर टाकून हाफ क्लच धरलेला असतो आणि त्याची नजर आपल्या सिग्नलवर नसतेच, आडव्या रस्त्याच्या पिवळ्यावर असते.

आता उपाय. फुकटचे आधी सांगतो, कारण ते कोणी करत नाही. स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबून ते बंद करायचं. ते विसरलात तर उलट्या गणतीत तीनचा आकडा दिसला की ब्रेकवरचा पाय किंचित सैल करायचा. इंजिन तेव्हाच जागं होतं. पण ऑटो होल्ड चालू असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण मग ॲक्सिलेटर दाबेपर्यंत इंजिन उठत नाही. म्हणून तोही बंद. मोड स्पोर्टवर, गिअर एसमध्ये. एवढ्याने जो फरक पडतो, तो पुढच्या पंचवीस हजारांच्या खरेदीने पडत नाही.

त्या खरेदीत पहिला नंबर पेडलच्या वायरमध्ये बसवायच्या डबीचा. ‘रिस्पॉन्स वाढतो साहेब.’ वाढत काहीच नाही. पाय तीस टक्के दाबला तर डबी ईसीयूला साठ टक्के सांगते, बस. पूर्ण दाबल्यावर शंभर टक्के म्हणजे शंभरच, आणि उभ्या गाडीवरून जोरात निघताना पाय पूर्णच दाबलेला असतो. दुसरा नंबर एअर फिल्टरचा. त्याने आवाज छान होतो. आवाजाने रिक्षा मागे पडत नाही.

तिसरा आणि महागडा नंबर रिमॅपचा, म्हणजे ईसीयूचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवण्याचा. गॅरेजमध्ये गेलात की दाराशीच या रिमॅपच्या पहिल्या पायरीची विचारणा होते, ‘स्टेज वन मारायचं का?’ रिमॅपबद्दल माझं वाकडं काही नाही. या इंजिनात तो भरपूर ताकद काढतो. पण ती मिळते टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, तयार झाल्यावर, म्हणजे गाडी दहा-पंधरा मीटर गेल्यावर. पहिल्या सेकंदातल्या दुखण्यावर तो म्हणजे गुडघा दुखतोय म्हणून कानात थेंब. शिवाय २०२० च्या मध्यानंतर बनलेल्या गाड्यांचे ईसीयू कुलूपबंद येतात. सुरुवातीला तर ते उघडायला ईसीयू खोलून फिनलंडला पाठवावा लागायचा. गाडी पुण्यात, मेंदू फिनलंडमध्ये, आणि घरात प्रश्न की कव्हर घालून गाडी इतके दिवस का उभी आहे. रिमॅप केलाच तर स्पार्क प्लगची फट कमी करून साधारण ०.६ मिलिमीटरवर आणा. वाढलेल्या दाबात ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. फट मोठी राहिली तर ठिणगी विझते आणि ऐन जोरात असताना इंजिन ठसका लागल्यासारखं करतं. वॉरंटीचं काय, हे विचारू नका.

खरं औषध गाडीत आधीपासून आहे: लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीवरून जोरात सुटायची सोय. आणि त्यासाठी ऑटोमॅटिकवाल्याला आपला निवृत्त झालेला डावा पाय पुन्हा कामावर बोलवावा लागतो.

आधी टॉर्क कन्व्हर्टर समजून घ्या. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा त्याच्या वाऱ्याने फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, मध्ये तेलाची दिशा वळवणारा स्टेटर बसवा, झाला कन्व्हर्टर. चाकं थांबलेली असताना तो इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो, म्हणजे लोक ज्याला ढिलाई म्हणतात तीच त्याची कमाई. गंमत अशी की ब्रेक दाबून धरला आणि रेस दिली, तर गाडी जागची हलत नाही पण इंजिनावर लोड येतो. लोड आला की धूर वाढतो, धूर वाढला की टर्बो जागा होतो. लग्नाच्या आधी वेड घालवायचा हा एकमेव ज्ञात मार्ग.

कृती अशी. गाडी किमान दहा किलोमीटर सलग चाललेली, इंजिन आणि गिअरबॉक्स गरम. स्टिअरिंग सरळ. डीटीसी (चाकं फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल थोडा सैल करणारा मोड) किंवा स्पोर्ट प्लस चालू, गिअर एसमध्ये. डाव्या पायाने ब्रेक घट्ट. उजव्या पायाने ॲक्सिलेटर तळापर्यंत, शेवटी ‘टक्’ लागतो तो किकडाउनही ओलांडून. रेस एका ठिकाणी स्थिर होते आणि डॅशबोर्डवर चौकडीचा झेंडा उगवतो. तो उगवला की तीन सेकंदांच्या आत ब्रेक सोडायचा, हळूहळू नाही, गरम तव्यावरून बोट उचलावं तसा. उजवा पाय हलवायचा नाही. चुकतं ते इथेच: ब्रेक सुटताना घाबरून उजवा पायही सुटतो आणि सगळी जमवाजमव वाया जाते. दुसरी चूक डाव्या पायाची. आयुष्यभर क्लच दाबलेल्या या पायाला ‘थोडंसं’ हा प्रकार माहीत नाही. रिकाम्या मैदानावर त्याला आधी नुसता हळू ब्रेक लावायला शिकवा, नाहीतर शेजारी बसलेली व्यक्ती काचेवर आणि संबंध त्याहून पुढे.

झेंड्याची वाट न बघता स्वतःच्या हिशेबाने ब्रेक आणि रेस एकदम दाबणारेही असतात. दोन्ही पेडल एकत्र दाबलेले दिसले की बऱ्याच नव्या गाड्यांचा ईसीयू जोर कापतो, तेव्हा फायदा शंकास्पद. तोटा मात्र नक्की. चाकं थांबलेली असताना इंजिनाची सगळी ताकद उष्णता होऊन गिअरबॉक्सच्या तेलात जाते. २,२०० फेऱ्यांवर ३०० न्यूटन-मीटर धरले, तर हिशेब जवळपास ७० किलोवॅट येतो. म्हणजे घरातल्या २ किलोवॅटचे पस्तीस गीझर एका तेलाच्या डब्यात एकदम लावले. म्हणून पाच सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही, आणि एकदा लाँच झालं की गिअरबॉक्सला पाच मिनिटं थंड होऊ द्यायचं. मित्रांना दाखवायला लागोपाठ चार लाँच करणारे पुढे तेलाचा करपलेला वास कसा असतो ते तपशीलवार सांगू शकतात.

तेल ‘लाइफटाइम’ आहे असं ऐकाल. कोणाचं लाइफटाइम, ते विचारा. या आठ गिअरच्या गिअरबॉक्सची निर्माती झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं म्हणते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, पॅनसकट बदलायचा. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल चाळीस अंशांच्या आसपास असताना तपासायची. थंड असताना किंवा फार तापल्यावर तपासली तर मोजणी चुकते आणि मग गाडी निघताना हिसका देते. डीएसजीवाल्यांनी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकवाल्यांनी, यातलं काहीच स्वतःला लावून घेऊ नये. तिथे कन्व्हर्टर नाही, क्लच आहे, आणि कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. तिला चढावर ब्रेकऐवजी रेसवर धरून ठेवणं म्हणजे क्लचचा हप्ता आगाऊ भरणं.

मग टायर. चांगल्या कोरड्या डांबरावर रबराची पकड साधारण एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीएवढी. एवढी पकड पूर्णवेळ वापरता आली तर शंभरला २.८ सेकंद लागतील. त्याहून लवकर जायचं तर टायर किंवा रस्ता बदलावा लागतो, इंजिन नाही. हवा पेट्रोल पंपावरच्या मुलाच्या अंदाजाने भरू नये. कंपनीचा थंड टायरचा आकडा दाराच्या खांबावर लिहिलेला असतो. शर्यतीच्या सरळ पट्टीवर पळवताना त्याहून दोन पीएसआय कमी चालतात. सात-आठ कमी केले की टायरची बाजू फुगते आणि गाडी डुलते. चारही चाकांना जोर जाणाऱ्या या गाडीत पुढे गुळगुळीत आणि मागे नवे कोरे अशी काटकसर नको. परीघ वेगळे झाले की पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधला क्लच रात्रंदिवस घासत राहतो, आणि ती दुरुस्ती टायरच्या चार जोड्यांपेक्षा महाग पडते.

आणि सिग्नलवर आपण उभे कुठे असतो? झेब्रा क्रॉसिंगवर. नियमाने उभं राहायचं मागे, पण ते सोडा. तो पांढरा पट्टा डांबरापेक्षा निसरडा, पावसात तर घसरगुंडीच, वर मेट्रोच्या कामाची वाळू. तिथून जोरात निघालं की चाक फिरतं, ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा गळा धरतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो. रिक्षा तोवर दशभुजा गणपतीला.

वजनाचा मुद्दा घरात काढू नये, डिकीत काढावा. गाडी पावणेदोन टनांची. डिकीत वीस लिटरचा पाण्याचा कॅन, क्रिकेटचं किट, दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, कोणाच्या तरी लग्नातली न वाटलेली भांडी आणि ‘राहू दे, लागेल’ या सदरातली एक पिशवी. सगळं मिळून साठ किलो सहज भरतं, म्हणजे साडेतीन टक्के, म्हणजे शंभरला पोचताना साधारण दीड दशांश सेकंद. पेट्रोलची टाकी ५९ लिटरची, भरलेली असेल तर आणखी ४४ किलो. पाव टाकी पुरे. मात्र काटा अगदी तळाला नको. जोरात निघताना पेट्रोल मागे सरकतं आणि पंप हवा ओढू शकतो.

ऑक्टेनचा उपयोग आहे, पण तो जादूचा नाही. पंपावरचं साधं पेट्रोल कमी ऑक्टेनचं. त्यावर टर्बो इंजिन नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी भडका, टाळायला ठिणगी उशिरा पाडतं आणि थोडी ताकद मागे घेतं. जास्त ऑक्टेनचं भरलं की मागे घेतलेलं परत मिळतं, त्याहून जास्त काही नाही. शंभर ऑक्टेनवालं लिटरमागे दीडशेच्या पुढे जातं, आणि अर्ध्या टाकी साध्या पेट्रोलवर ते ओतणं म्हणजे आमरसात पाणी. मे महिन्यात हिंजवडीच्या रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर तर कुठलंच पेट्रोल कामाचं नाही: आत येणारी हवा दर दहा अंशांना सुमारे तीन टक्के विरळ होते, इंटरकूलरचं पाणी तापलेलं, ईसीयू सावध. जी काही मोजमापं करायची ती पहाटे.

मोजायचं मोबाइलच्या स्टॉपवॉचवर नाही. सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवणारी जीपीएसची डबी मिळते, ती घ्यावी, आणि दोन्ही दिशांनी पळवून सरासरी काढावी. डोळ्याला न दिसणारा उतारही आकडा सुधारतो. अमेरिकी मासिकांचे आकडे बघून खचू नका, ते पहिला एक फूट मोजतच नाहीत. त्या एका फुटात दोन-तीन दशांश सेकंद जातात. ड्रॅगवाले, म्हणजे उभ्या गाडीवरून सरळ रेषेत शर्यत लावणारे, पहिल्या साठ फुटांचा वेळ बघतात. मीही तोच बघतो, कारण रिक्षाशी आपला सगळा व्यवहार त्या अठरा मीटरांतच आटोपतो.

हे सगळं रस्त्यावर करायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही देतं. ड्रॅगच्या स्पर्धा लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. तिथे डांबर सरळ असतं, झेब्रा नसतो, आणि तुम्ही दिवा लागल्यावर दोन सेकंद झोपलात तरी तुमचा वेळ गाडी हलल्यावरच सुरू होतो.

नळस्टॉपला तो आधीच सुरू झालेला असतो. डावा पाय तयार, टायर बरोबर, डिकी रिकामी, स्टार्ट-स्टॉप बंद, गणती चार, तीन, दोन. रिक्षा तीनलाच गेली.