मॅच बघायला गेले आणि सत्कार बघून आले

रविवारी सांगलीत मुलींची क्रिकेट मॅच होती. भाचीला घेऊन विश्रामबागेतून रिक्षा करून पावणेनऊला मैदानावर हजर, कारण बॅनरवर ठळक लिहिलेलं, सकाळी ठीक ९ वाजता. ते 'ठीक' आपल्याकडं कशासाठी लिहितात मला कुणीतरी सांगा. पहिला बॉल पडला बारा वाजून दहा मिनिटांनी!! दोन्ही टीमच्या पोरी सातपासून आलेल्या, वॉर्मअप झालेला, ओपनर पॅड बांधून बसलेल्या, आणि पाहुणे कुठं विचारलं की एकच उत्तर, निघालेत.

निघालेले पाहुणे सव्वाअकराला उगवले. मग नारळ, मग भर वाऱ्यात मैदानात समई पेटवायचा कार्यक्रम, त्यात अर्धी काडेपेटी संपली, मग शाल श्रीफळ. मी बसल्या बसल्या मोजलं, २३ जणांचा सत्कार झाला आणि त्या २३ मध्ये खेळाडू एक पण नाही. खेळाडू उन्हात रांगेत उभ्या, टाळ्या वाजवायला.

भाषणं चार, चारही एकसारखी. ही स्मृतीची (म्हणजे क्रिकेटर स्मृती मानधनाची) सांगली, स्मृतीनं सांगलीचं नाव केलं. अहो माहितीय की आम्हाला! माधवनगरात वाढलेली पोरगी ती, २०१३ ला बडोद्यात अंडर-१९ मध्ये १५० बॉलला नाबाद २२४ केले तेव्हा यातल्या कितीजणांना तिचं नाव तरी माहीत होतं? एक साहेब तर माईकवर बोलून गेले की वर्ल्ड कपच्या फायनलला तिनं सेंच्युरी ठोकली. साहेब, २ नोव्हेंबर २०२५ ला तिचे ४५ होते, ८७ शेफाली वर्माचे, आणि त्या मॅचमध्ये सेंच्युरी एकच झाली ती पलीकडच्या, दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टची. पण टाळ्या काय कडकडून पडल्या म्हणता.

आणि आता खरं डोकं फिरवणारं. पाहुण्यांना बॅटिंग करायची हौस आली. पांढरे कडक कपडे, पायात टाचेचे बूट, तसेच तरातरा पिचवर, मागून वीस जण मोबाईल घेऊन, बरोब्बर गुड लेंथवर, म्हणजे बॉलचा टप्पा पडतो तिथंच, सगळी वरात उभी. बॉलिंगला कोण, तर तासगावकडची एक डावखुरी पोरगी, पहाटेच्या एसटीनं आईबरोबर आलेली (आई माझ्याच शेजारी बसलेली, डब्यात पोळी भाजी). पोरीला तिघांनी तीन बाजूनी सांगितलं हळू टाक, हळू टाक. तिनं बिचारीनं लहान पोराला टाकतात तसा टाकला. चुकला. दुसरा चुकला. सातव्या बॉलला बॅटची कड लागली आणि एवढा जल्लोष, डीजे वाजला, फोटो झाले, आणि मग टॉस. तो पण दोनदा, पहिला फोटोत आला नाही म्हणून.

हे सगळं झाल्यावर अनाउन्समेंट, वेळेअभावी मॅच २० ऐवजी १० ओव्हरची. वेळेअभावी!! वेळ कुणी खाल्ला रे? १० ओव्हर म्हणजे एका बॉलरला फार तर दोन. त्या तासगावच्या पोरीला एकच मिळाली, चार रन देऊन एक विकेट काढली, बॅटिंगला आठ नंबर म्हणजे नंबरच आला नाही. आख्ख्या दिवसात तिनं सहा बॉल मॅचमध्ये टाकले आणि सात पाहुण्यांना. आई काही बोलली नाही, नुसता डबा परत पिशवीत ठेवला.

मधेच भाचीला बाथरूमला जायचं होतं. बायकांच्या बाथरूमला कुलूप. किल्ली कुणाकडं, तर अमुककडं, तो चहाला गेलाय. बायकांची मॅच, बघायला निम्म्या बायका, खेळायला बावीस पोरी, आणि किल्ली चहाला! शेवटी रस्ता ओलांडून एका हॉटेलात गेलो, तिथं नुसतं कसं विचारायचं म्हणून नको असताना चहा घेतला. परत आलो तर दोन ओव्हर झालेल्या आणि स्कोअर किती ते सांगणारं कुणी नाही, कारण स्कोअरबोर्डवर शुभेच्छुकांचा फ्लेक्स बांधलेला. कॉमेंट्रीवाल्याला विचारावं तर तो डीजेच्या नादात, मधेच म्हणतोय लेडीज बॉल हलका असतो त्यामुळं लागत नाही. हलका असतो हो, १४० ते १५१ ग्रॅमचा, पुरुषांचा १५६ च्या पुढं. तेवढा फरक बोटावर बसल्यावर कळतो का बघ म्हणावं, उभा रहा पॉइंटला फिल्डिंगला.

भाचीनं शेवटी स्वतःच स्कोअर लिहायला घेतला. हुकलेल्या दोन ओव्हरचं पलीकडच्या टीमच्या ताईला जाऊन विचारून आली. शेवटच्या ओव्हरला ९ हवे होते, खरंच मॅच रंगलेली, आणि मांडवात ताटं वाजायला लागली, निम्मं पब्लिक उठलं जेवायला. दोन रननी हरलेली टीम रडत होती आणि माईकवर चाललेलं, सर्वांनी जेवून जावे.

सोमवारी पेपरात फोटो आला. पाहुणे, बॅट, हसू. बातमीत १९ नावं, सगळी मान्यवर. कोण जिंकलं, कुणी किती केले, एक अक्षर नाही. त्या मॅचचा स्कोअर कुणाला पाहिजे असेल तर तो आमच्याकडं आहे, चौथीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं.