न्यू यॉर्कच्या कचेऱ्यांत दुभाषी बंद झालेला नाही

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "ट्रम्पसाहेबांनी इंग्रजी राष्ट्रभाषा केली. आता न्यू यॉर्कच्या कुठल्याही सरकारी ऑफिसात, हॉस्पिटलात दुभाषी मिळणार नाही. मागितलात तर बिल तुम्हाला आणि नोंद व्हिसावर. ९११लासुद्धा इंग्रजीच. नातवाला सोबत न्या, तो बोलेल." तो वाचून आमची मावशी नातवाची शाळा बुडवून त्याला हॉस्पिटलात न्यायला निघाली आहे. तेव्हा आता गप्प बसून चालणार नाही.

आधी त्यातलं अर्धं खरं मान्य करून टाकतो. १ मार्च २०२५ला ट्रम्प यांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला, हे खरं. इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करा, असं केंद्राच्या खात्यांना सांगणारा क्लिंटन यांचा २०००चा आदेश त्यात रद्द झाला, हेही खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याने तो आदेश तिसऱ्या कलमापर्यंतही वाचलेला दिसत नाही. या आदेशामुळे कुठल्याही खात्यावर आपल्या सेवा बदलण्याची सक्ती नाही, असं तिथे साफ लिहिलंय. आणि मुळात तो केंद्राच्या खात्यांसाठी आहे. न्यू यॉर्क शहर दुभाषी देतं ते वॉशिंग्टनच्या मेहेरबानीवर नाही, स्वतःच्या कायद्याने. २०१७चा स्थानिक कायदा क्रमांक ३०. ज्या खात्यांचा लोकांशी थेट संबंध येतो त्यांना किमान १०० भाषांत फोनवरून दुभाषी द्यावा लागतो, नेहमी लागणारे कागद ठरलेल्या १० भाषांत काढावे लागतात आणि भाषेच्या सोयीसाठी खात्यात एक समन्वयक नेमावा लागतो. राष्ट्राध्यक्षांच्या सहीने हा कायदा रद्द होत नाही.

त्या १० भाषांत मराठी नाही. बंगाली आहे, उर्दू आहे, हिंदीसुद्धा नाही. म्हणून मराठीतला फॉर्म मागत बसू नका, फोनवर मराठी दुभाषी मागा.

बाकीचं एक वेळ सोडून देता येईल, पण "नातवाला न्या" हा सल्ला घातक आहे. न्यू यॉर्क राज्याच्या हॉस्पिटलांच्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की तातडीचा प्रसंग सोडला तर १६ वर्षांखालच्या मुलाला दुभाषी म्हणून वापरायचं नाही. तिथे जन्मलेल्या दहा वर्षांच्या पोराचं मराठी म्हणजे जेव, झोप, चल. "चक्कर येते" आणि "डोळ्यांपुढे अंधारी येते" या दोन्हींना तो एकच इंग्रजी शब्द लावणार. घर गरगर फिरतंय म्हटलं तर डॉक्टर आधी कानाकडे वळतात. उठल्यावर अंधारी येतेय म्हटलं तर रक्तदाबाकडे आणि हृदयाकडे. हा फरक पोराच्या तोंडून गेला की तपासणीची दिशाच चुकली. औषधाचंही तेच: "दिवसाआड" असं सांगितलेली गोळी घरी येईपर्यंत "रोज" झालेली असते. शिवाय लघवीच्या, पाळीच्या, अंगावरून जाण्याच्या तक्रारी कुठली आजी नातवासमोर सांगेल? ती म्हणेल, "काही नाही, बरी आहे." आणि निदान वाईट निघालं, तर ते आजीला सांगायचं काम त्या पोरावर येणार. नातवाला शाळेत जाऊ द्या.

बिलाची आणि व्हिसाची गोष्ट म्हणजे शुद्ध थाप. दुभाष्याचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत. व्हिसा शहर देत नाही, त्यावर नोंद कसली करणार? कायद्याने किंवा पात्रता ठरवायला लागत नसेल, तर इमिग्रेशनची स्थिती विचारायलासुद्धा शहराच्या कर्मचाऱ्यांना २००३पासून मनाई आहे.

९११ या आणीबाणीच्या नंबरवरही दुभाषी जोडून देतात. फक्त फोन लागताच पहिला शब्द "मराठी" म्हणा आणि पत्ता तेवढा इंग्रजीत पाठ ठेवा. शहराच्या क्वीन्स भागात ३७ स्ट्रीट, ३७ अॅव्हेन्यू आणि ३७ रोड हे तीन वेगळे रस्ते आहेत. नुसतं "थर्टी सेव्हन" म्हणालात तर गाडी भलतीकडे जाईल.

आता प्रत्यक्षात गाडी अडते कुठे, ते. खिडकीवरचा माणूस "इंडिया" ऐकून हिंदीचा दुभाषी जोडतो. तिथेच थांबवा, "नो हिंदी, मराठी" म्हणा. मराठीला थोडं थांबावं लागू शकतं, तर थांबा. जोडणी झाली की दोन वाक्यं बोला, थांबा, भाषांतर होऊ द्या. सलग पाच मिनिटं बोललात की मधलं गळतं. फोनवरच्या दुभाष्याला फॉर्म दिसत नाही, म्हणून कारकुनाला एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा. "काय लिहू?" असं दुभाष्याला विचारू नका, सल्ला देणं त्याचं काम नाही. त्याचा ओळख क्रमांक सुरुवातीलाच लिहून घ्या. पुढे चुकीचं भाषांतर झाल्याचं सिद्ध करायचं तर हाच धागा हाती असतो.

"दुभाषी नाही" म्हणून परत पाठवलं, तर ३११ला, म्हणजे शहराच्या मदत-तक्रारीच्या फोन नंबरवर, तक्रार करा. खातं, पत्ता, तारीख, वेळ आणि मागितलेली भाषा, एवढं सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. शहराबाहेरच्या फोनवरून २१२-६३९-९६७५ लावा, कारण जर्सी सिटीतून ३११ फिरवलंत तर न्यू यॉर्कचं लागणार नाही.

आणि हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सी राज्यात, न्यू यॉर्क शहराचा हा कायदा चालत नाही. नागरिकत्वाची मुलाखत हीसुद्धा केंद्राची बाब. तिथे इंग्रजीची परीक्षा ट्रम्प यांच्या कितीतरी आधीपासून आहे. वय ५० आणि ग्रीन कार्डला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीतून सूट मिळते. पण दुभाषी आपला आपण न्यावा लागतो.